अकरा नंबरचा कोट

आई: परत वाच.

थोरला: आई, दोनदा वाचून झालंय.

आई: नऊ वर्षांत तू तीनदा घरी आलास. मी तोंडातून अवाक्षर काढलं का? तसंच तूही मुकाट्याने वाच. आणि वाचता वाचता या चादरीचं टोक धर. माझ्या धुलाईघरात रिकामे हात चालत नाहीत.

थोरला: धरलं. ऐक. "सुरक्षा प्रमुख या पदावर आपली नेमणूक करताना कंपनीला अत्यंत आनंद होत आहे."

आई: कंपनीला कशाने आनंद होतो ते ठाऊक आहे मला. पुढे.

थोरला: राहायला वसाहतीत घर. तीन खोल्या, मागे अंगण. चिमणीला कंपनीच्या शाळेत प्रवेश. आणि आईवडिलांना दवाखाना फुकट. गुडघ्याच्या ऑपरेशनसकट, असं वेगळं लिहिलंय बघ.

आई: माझे गुडघे त्या कागदात कुणी नेऊन घातले?

थोरला: फोनवर त्यांनी विचारलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, आई असते, कपडे धुते, गुडघे दुखतात तरी ऐकत नाही.

आई: एवढं सगळं सांगितलंस? लग्न ठरताना मुलीकडच्यांना नव्हतं सांगितलंस ते! ताण जरा चादर. पोर झोपवायची नाहीये तीत.

थोरला: आई, ही काही कोपऱ्यावरची गिरणी नाही. चोवीस देशांत कारखाने आहेत यांचे.

आई: म्हणजे चोवीस ठिकाणी कुणीतरी बाई यांचे कपडे धुतेय. मला काय त्याचं अप्रूप? तारीख वाच.

थोरला: तारखेपाशीच काय अडलंय तुझं?

आई: वाच म्हटलं ना.

थोरला: "सदर नेमणूक मागील महिन्याच्या एक तारखेपासून लागू समजण्यात येईल." यात माझाच फायदा आहे, आई. मधल्या तारखेला रुजू झालो असतो तर बढतीचं पूर्ण वर्ष वाया गेलं असतं. त्यांनी आपणहून मागची तारीख घातली. तिकडे परदेशात असं कोणी करत नाही. तिकडे पाच मिनिटं उशीर झाला तरी तोंड वाकडं करतात.

आई: मागच्या एक तारखेला कुठे होतास तू?

थोरला: तिकडेच. चिमणीला ताप होता. फोनवरून तूच सांगत होतीस, कपाळावर ओला रुमाल ठेवा म्हणून.

आई: मग त्याच दिवशी इथे कामावर कसा होतास?

थोरला: कागदोपत्री गं.

आई: कागदोपत्री माणूस कामावर येतो. मग काही झालं तर कागदोपत्रीच मरतो का? की तेवढं खरंखुरं मरावं लागतं?

थोरला: तुझं नेहमीचं सुरू झालं. आपलं चांगलं व्हायला लागलं की तुला त्यात किडा दिसतो. आई, मी थकलोय. तिकडे कुणी वाईट वागवत नाही, खोटं कशाला बोलू. पण सहाव्या मजल्यावर राहतो आणि पाचव्या मजल्यावरच्या माणसाचं नाव ठाऊक नाही मला. चिमणी तुला काय म्हणते माहीत आहे? फोनमधली आजी. जशी फ्रिजमधली भाजी.

आई: म्हणू दे. भाजीसारखी नासले तर नाही ना अजून.

थोरला: पाच वाजेपर्यंत सही करून पत्र परत पाठवायचंय. नाही केली तर रविवारचं विमान आहेच. आणि या खेपेला गेलो की तिकडच्या कागदांसाठी सलग पाच वर्षं हलता येणार नाही. पाच वर्षं, आई. तू किती वर्षांची होशील?

आई: तुझ्यापेक्षा मोठीच असेन. माझं वय काढू नकोस, सुई काढ त्या डबीतली. ती बारीक नाकाची.

थोरला: ही? अगं, हळू! टोचून घेतलीस ना. रक्त आलं बघ.

आई: आलं का? पुसून घे तुझ्याकडच्या फडक्याने. पांढऱ्यावर नको पडायला.

थोरला: दिसत नाही का नीट?

आई: दिसतं गं बाई सगळं... हे बघ, लेकाला बाई म्हणायला लागले. दिसतं. टोचलेलं कळत नाही हल्ली.

थोरला: डॉक्टरला दाखवलंस?

आई: डॉक्टर म्हणाला, वय झालं. त्याला काय, माझं वय फुकटात मोजता येतं. आता मी विचारते ते सांग. तुझ्याआधी त्या खुर्चीत कोण होतं?

थोरला: एक गृहस्थ होते. त्यांची बाहेरच्या शाखेत बदली झाली.

आई: आणि त्याच्याआधी?

थोरला: ते नाही विचारलं.

आई: चार शिकलेली माणसं तीन वेळा फोनवर बोलता आणि एवढं विचारत नाही? ती खुंटी बघ. दाराजवळची. तो कोट काढून आण.

थोरला: हा पांढरा? कॉलरवर अकरा नंबर आहे.

आई: तोच. सुरक्षा प्रमुखाचा कोट. चोवीस देशांची कंपनी, पण त्या खुर्चीला कोट एकच. माणूस गेला की कोट माझ्याकडे येतो. धुवायचा, खिशावरची नावाची पट्टी उसवायची, नवी आली की शिवायची. तीन वर्षांत त्यावरून मी चार नावं उसवलीत.

थोरला: चार?

आई: पहिल्याला घाम फार यायचा. काखा पिवळ्याधमक. दुसऱ्याच्या खिशात गोळ्यांचे चांदीचे कागद सापडायचे, आधी आठवड्याला दोन, मग रोजचे चार. तिसरी बाई होती. भली होती. कोट ढगळ होतो म्हणून बगलेत आत घेऊन दिला मी. जाताना इथवर चालत आली. मला म्हणाली, मावशी, या कोटात कुणाला घालू नका. मी हसले. म्हटलं, बाई, मी शिवणारी, मी कोण घालणारी? चौथा आठ महिने टिकला. मागच्याच्या मागच्या महिन्याच्या शेवटी गेला.

थोरला: महिना संपताना?

आई: शेवटच्या दिवशी. आपल्या हाताने कोट आणून दिलान. म्हणाला, कारखान्यातलं चार नंबरचं खातं बंद करा म्हणून सहा वेळा लिहून दिलं, मावशी, सहा वेळा. मला काय, मी म्हटलं कोट ठेवा तिथे.

थोरला: म्हणजे एक तारखेपासून खुर्ची रिकामी होती.

आई: रिकामी होती. आता कोट उलगड. खिशावर काय आहे ते बघ.

थोरला: आई. माझं नाव आहे हे.

आई: सुबक शिवलंय ना?

थोरला: पत्र तर परवा आलं! तू कधी शिवलंस?

आई: भिंतीवरचं कॅलेंडर काढ. मागच्या महिन्याचं पान उजेडासमोर धर.

थोरला: यात भोकं आहेत.

आई: तुझ्या आईला लिहिता येत नाही, टोचता येतं. ज्या दिवशी गाठोडं येतं त्या तारखेत सुई घालते. साधं गाठोडं, एक भोक. पिवळी पिशवी, दोन. पट्टी शिवायला आली, तीन. तीन भोकं कुठल्या तारखेला आहेत?

थोरला: चौदा.

आई: आणि त्यांचा पहिला फोन तुला कधी आला?

थोरला: अठराला. मी तर अर्जही केला नव्हता. त्यांनीच शोधून काढलं मला. मी म्हटलं, बघा, आपली किंमत आहे कुठेतरी.

आई: शोधून काढलं नाही. मी दिलं.

थोरला: काय दिलंस?

आई: तुझं नाव. बस तिथे, त्या कपड्यांच्या पाटीवर. उभ्याने ऐकण्यासारखं नाहीये.

थोरला: बसलो.

आई: चौदाच्या आदल्या दिवशी बघ. दोन भोकं आहेत?

थोरला: आहेत. तेरा तारीख. पिवळी पिशवी.

आई: चार नंबरच्या खात्याचे कपडे पिवळ्या पिशवीत येतात. वेगळ्या पाण्यात धुवायचे, असा हुकूम. त्या दिवशी पिशवीत दोनच कोट होते. एक लंबूचा, बाह्या अंगठ्यापर्यंत. दुसरा डावखुऱ्याचा. त्याचा उजवा खिसा नेहमी कोरा आणि डावा फाटलेला, मी किती वेळा शिवला असेल. दोघांनाही मी तोंडाने कमी आणि कोटानेच जास्त ओळखते. दोन्ही कोटांवर छातीपासून खाली डाग. हिरवट. रक्त नव्हे, तेल नव्हे. भिजवला की जास्तच गडद व्हायचा. मी तीनदा पाणी बदललं. हातांनी चोळला.

थोरला: हातांनी? मोजे न घालता?

आई: मोजे घालून डाग कळतो होय? बोटाला कळतो डाग. तेव्हा कळायचा.

थोरला: आई, हात दाखव तुझे.

आई: नंतर बघ हात, पळून नाही जात ते. संध्याकाळी कंपनीचा मोठा साहेब आला. इथे! एवढ्या वर्षांत त्या माणसाने आपल्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. मऊ हातांचा, बोलायलाही मऊ. म्हणाला, डाग जाईल ना? मी म्हटलं, साहेब, या घरातून डागाचा कपडा परत गेलेला नाही. म्हणाला, वा. मग त्याच पाटीवर बसला, पाणी प्यायला आणि विचारलं, घरी कोण कोण?

थोरला: आणि तू सांगितलंस.

आई: सांगितलं? कौतुकाची गाडी सुटली माझी! माझा थोरला परदेशात, अशाच कारखान्यात, सुरक्षेचाच साहेब. त्याच्या हाताखाली चाळीस माणसं. त्याच्या सहीशिवाय तिथे दिवा लागत नाही. एवढं सांगितलं की त्या माणसाने खिशातून वही काढली आणि विचारलं, पूर्ण नाव काय म्हणालात?

थोरला: चाळीस नाहीत, आई. अकरा आहेत.

आई: आईच्या तोंडी चाळीसच असतात.

थोरला: थांब. मला नीट लावू दे. ते दोघं कधी... तो डाग कधी पडला?

आई: बारा तारखेच्या पाळीत. डावखुऱ्याची बायको रोज येते मागच्या दाराशी. कंपनीने तिला सांगितलं, तुझा नवरा दहा तारखेलाच काम सोडून गेला, कुठे गेला आम्हाला काय ठाऊक. ती मला एकच विचारते. मावशी, त्याचा कोट धुवायला आला होता का हो दहाच्या नंतर?

थोरला: तू काय सांगितलंस?

आई: म्हटलं, आठवत नाही.

थोरला: आई!

आई: ओरडू नकोस. खिशावर तुझं नाव शिवून झालं होतं तोवर. नऊ वर्षं मी विमानाच्या आवाजाला मान वर करतेय. तुझं नाव पट्टीवर बघितलं आणि म्हटलं, देवा, एकदाचं झालं. मला वाचायला येत नाही, पण तुझं नाव येतं. नऊ वर्षं तुला पार्सलं धाडायला गिरवलंय ते. गाठोडी आणणाऱ्या त्या कारट्या ड्रायव्हरला म्हटलं, हे काय रे? म्हणाला, मावशी, गुपित आहे, मुलाला सांगू नका, साहेब आपणहून फोन करतील. नाही सांगितलं. शब्द दिला होता.

थोरला: दोन माणसं गेली तेव्हा खुर्ची रिकामी होती. सुरक्षेचा माणूस नसताना खातं चालू ठेवलं म्हणजे थेट मोठ्या साहेबाच्या मानेवर येतं. खुर्चीत कोणी होतं असं दाखवलं की येतं त्या माणसावर. म्हणून एक तारीख. बढती नाही, काही नाही. बारा तारखेला खुर्चीत मी.

आई: मला इतकं नीट नव्हतं कळलं. परवा तू तारीख वाचलीस तेव्हा मी कॅलेंडर काढून भोकं मोजली. काल दुसऱ्यांदा वाचलीस तेव्हा रात्रभर डोळा लागला नाही.

थोरला: ठीक आहे. सही करत नाही. विषय संपला. रविवारी जातो.

आई: संपला नाही.

थोरला: का?

आई: सही झालीये.

थोरला: कुणाची? मी अजून पेनसुद्धा...

आई: चौदाला कोटाबरोबर ड्रायव्हरने एक लांबट रजिस्टर आणलं होतं. म्हणाला, कोट, शिरस्त्राण आणि चाव्या ताब्यात घेतल्या म्हणून इथे सही लागते, घरचं माणूस चालतं. मी म्हटलं, माझा अंगठा घे. म्हणाला, छे मावशी, मुलाचं नाव येतं ना तुम्हाला लिहायला? तेच लिहा. आता सांग, मला कुणी लिहायला सांगितलंय आजवर? लोक माझा हात धरून शाईत बुडवतात. मी पदर खोचला आणि लिहिलं. एक रेघ हलू दिली नाही.

थोरला: तारीख कोणती होती त्यावर?

आई: आकडा एकच होता. सरळ उभा.

थोरला: एक तारीख.

आई: सुंदर आलं होतं रे अक्षर.

थोरला: हरकत नाही. घाबरू नकोस. अगं, मी तर देशातच नव्हतो! पासपोर्टवर शिक्का आहे, सत्तावीसला उतरलो. त्यापुढे कुठलं रजिस्टर टिकतंय?

आई: मग तो पासपोर्ट आण इकडे. या डब्यात टाकू, तांदळाच्या खाली.

थोरला: तो माझ्याकडे नाहीये.

आई: मग कुठे गेला?

थोरला: परवा पडताळणीसाठी मागितला होता. ड्रायव्हर येऊन घेऊन गेला. तू अंगणात कपडे वाळत घालत होतीस.

आई: परदेशात सुरक्षेचा साहेब! हाताखाली चाळीस माणसं!

थोरला: अकरा.

(बाहेर गाडीचा हॉर्न. दोनदा.)

ड्रायव्हर: मावशी, येऊ का आत? नमस्कार साहेब. गाठोडं बांधलंय?

आई: बांधलंय. बावीस चादरी, सोळा कोट. चप्पल बाहेर काढ, जमीन ओली आहे.

ड्रायव्हर: आणि ते दोन?

आई: कुठले दोन?

ड्रायव्हर: मावशी, रोज तेच काय. पिवळ्या पिशवीतले.

आई: डाग गेला नाही. डागाचा कपडा देत नाही मी, सांगितलंय तुझ्या साहेबाला.

ड्रायव्हर: साहेब म्हणाले, डागासकट द्या. फाटके द्या, कसेही द्या, पण आज द्या.

आई: का रे? एवढी थंडी वाजायला लागली त्यांना?

थोरला: माझा पासपोर्ट आणलात का?

ड्रायव्हर: तो ऑफिसात आहे, साहेब. तुम्ही रुजू झालात की तिथेच हातात देतील म्हणाले.

थोरला: मी रुजू होत नाहीये. तसं सांगा त्यांना. मला तो आज हवाय, रविवारी जायचंय मला.

ड्रायव्हर: रुजू तर झालायत ना तुम्ही. रजिस्टरात सही आहे. मीच नेऊन दिलं ते.

आई: ती सही माझी आहे. तुझ्या डोळ्यांदेखत केली मी. तूच पेन दिलंस, निळं, टोपण चावलेलं.

ड्रायव्हर: मावशी, हे तुम्ही माझ्यासमोर बोलला नाहीत. मी ऐकलं नाही.

आई: कान कुठे ठेवून आलास?

ड्रायव्हर: घरी. दोन पोरं आहेत तिथे, त्यांच्यापाशी. साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच समजवा यांना. मी रोज येतो, मावशींच्या हातचं पाणी पितो, मला लाज वाटते हो. पण आज ते दोन कोट गाडीत पडले तर मी सांगेन, मिळाले, घरात सगळं ठीक आहे, मुलगा उद्या येतोय. नाही पडले तर उद्या मी नाही येणार. दुसरे येतील. ते चप्पल काढत नाहीत.

थोरला: ही धमकी आहे का?

ड्रायव्हर: धमकी द्यायला मी कोण? निरोप्या मी.

आई: कोट भिजत पडलेत. ओले कसे नेशील, गाडी खराब होईल. सकाळी ये. तूच ये. वाळवून, घडी घालून ठेवते.

ड्रायव्हर: सकाळी किती वाजता?

आई: ऊन्ह वर आलं की.

ड्रायव्हर: सांगून बघतो. साहेब, येतो. मावशी... हात जपा.

आई: त्याला कुणी सांगितलं रे हाताचं?

थोरला: आई, कोट कुठे आहेत?

आई: भिजत नाहीत. तुझ्या बुडाखाली आहेत. त्या पाटीत. पांघरुणाखाली.

थोरला: मी इतका वेळ...

आई: तो मऊ साहेबही त्यावरच बसला होता दुसऱ्यांदा आला तेव्हा. ऊठ, पण हात लावू नकोस. नखसुद्धा नको. तो चिमटा घे.

थोरला: तू का ठेवलेस हे? पुरावा म्हणून?

आई: कसला पुरावा नि काय. डाग निघेना म्हणून ठेवले. लाज वाटली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हरले. म्हटलं, निघाला की देईन, तोवर कुणाला दाखवणार नाही. आणि ते रोज मागायला लागले तशी मी जास्तच अडले. मला कुणी घाई केलेली खपत नाही.

थोरला: आता कळलं तुला, चोवीस देशांत त्यांना मीच का सापडलो? कोट तुझ्याकडे आहेत. तू ते बाहेर काढलेस की पहिलं नाव निघेल ते तुझ्याच मुलाचं. म्हणजे तू काढणार नाहीस.

आई: आईला मुलाने बांधलं.

थोरला: सकाळी देऊन टाकायचे का?

आई: तू सांग. तू सुरक्षेचा साहेब.

थोरला: दिले तर कदाचित पासपोर्ट मिळेल. मिळाला तर रविवारी जाईन. पण ते रजिस्टर राहील. आणि उद्या कुणी आपल्याला विचारलं तर दाखवायला काही नसेल. आणि ती बाई दाराशी येतच राहील.

आई: रोज येते. त्याच वेळेला. दाराची कडी वाजवत नाही, नुसती उभी राहते.

थोरला: तिचं कोणी आहे का?

आई: भाऊ आहे, कोर्टात कारकून. सुकडा आहे, पण खमका आहे.

थोरला: मग मी जातो तिच्याकडे. मागच्या दाराने. कोट, कॅलेंडरचं पान, सगळं आजच देऊन टाकतो. माझं नाव निघेल तर निघू दे. बारा तारखेला मी तिकडे हजर होतो, तिथल्या कारखान्याच्या हजेरीत माझं नाव असेल. ते मागवायला वेळ लागेल, पण येईल.

आई: आणि तोवर?

थोरला: तोवर इथेच. पासपोर्ट नाही तर जातो कुठे?

आई: नऊ वर्षं मागत होते, माझा लेक घरी राहू दे. असा नव्हता मागितला.

थोरला: पिशवी दे एखादी. पिवळी नको.

आई: ही घे, भाजीची. वर कांदे टाक. आणि तिला नीट सांग. म्हणावं, मावशीला आठवलं. तेराला आला होता. दोन भोकं आहेत. आणि म्हणावं, आधी आठवलं नाही ते... नको, ते मी सांगेन. ते माझं मला सांगू दे.

थोरला: आई, खिडकीतून बघ. गाडी कोपऱ्यावरच उभी आहे.

आई: दिसली मघाशीच. दिवे बंद, माणूस आत. उभी राहू दे. इस्त्री लाव तू जाण्याआधी. वाफ दिसली की त्यांना वाटेल, म्हातारी कामात आहे.

थोरला: लावली. तू काय करतेस?

आई: बसून राहू होय? तुझं नाव काढते या कोटावरून. पाचवं. शिवताना फार घट्ट घातला टाका, मेला सुटता सुटत नाही. म्हटलं होतं, जन्मभर निघायला नको.

थोरला: राहू दे ना ते. आल्यावर मी उसवीन.

आई: तुला येतं होय? पट्टी फाडशील. अर्धं झालं बघ. तू नीघ.

थोरला: आई, थांब. थांब, सुई खाली ठेव. रक्त येतंय.

आई: कुठल्या बोटातून?